बिनतेलाचा रविवार

अहो, ज्या दिवशी तुम्ही गेलात, त्या दिवशी आपल्या सोसायटीने पहिल्यांदाच तुमचा एकूण एक नियम पाळला. लिफ्ट बंद होती. एकही गाडी जागची हलली नव्हती. पाण्याचा पंप बंद, गॅस बंद, आणि चक्क पाचव्या मजल्यावरच्या पोरांनीसुद्धा बाहेरून काही मागवलं नव्हतं. ज्यासाठी तुम्ही घसा कोरडा केलात ते सगळं एका सकाळी जमून आलं, आणि त्यातच तुम्ही मेलात. लोक 'निवर्तले' म्हणतात, 'आपल्यातून गेले' म्हणतात. मी मेलात म्हणते. महिना होऊन गेला तरी मला तुमच्याशी गोड बोलता येत नाही.

बाकीचे फार गोड बोलतायत. सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या मेसेजला कधी एक अंगठा मिळाला नाही. आता जोडलेल्या हातांची रांग लागली आहे. 'तत्त्वासाठी जगले, तत्त्वासाठीच गेले' असं एकाने लिहिलंय. लिहिणारा तोच, जो तुमच्या रविवाराला 'काकांचा मासिक तमाशा' म्हणायचा. मेल्यावर माणसाच्या वेडाचं तत्त्व व्हायला वेळ लागत नाही. मी ते वाचलं आणि फोन उलटा ठेवून मेथी निवडायला बसले.

तुमचं हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक आहे. नोकरीची सगळी वर्षं तुम्ही तेलाच्या डेपोत टँकर भरून देण्यात घालवलीत. घरी यायचात तेव्हा शर्टाला डिझेलचा वास, रुमालाला वास, रिकाम्या डब्यालाही वास. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांचे कॉल जोडून यायची आणि तुमचे कपडे वेगळे भिजत घालायची. निवृत्त झाल्यावर माणसं विपश्यनेला जातात, गावाकडे घर बांधतात, नातवंडं खेळवतात. तुम्ही तेलाच्या मागे लागलात. म्हणजे ते नसेल तेव्हा कसं जगायचं, याच्या मागे.

एकदा टँकरचे ड्रायव्हर गाड्या उभ्या करून बसले होते, आठवतं? पंपावर रांगा लागल्या, भाजीवाला आला नाही, दुधाचा पत्ता नाही. सगळे शिव्या घालत होते आणि तुम्ही बाल्कनीतून खाली बघत होतात. बघता बघता तुमचा चेहरा उतरला. 'सुलोचना,' म्हणालात, 'तेल संपायचं न्हाई. जमिनीखाली लई हाय. फकस्त आपल्या दारात यायचं थांबंल. तवा सातव्या मजल्यावर कसं ऱ्हायचं ते आत्ताच शिकाय पायजे.' एरवी तुम्ही डेपोतलं साहेबी मराठी बोलायचात. घाबरलात की तोंडात लातूरकडचं गाव यायचं. मी म्हणाले, मग तळमजल्यावर घर घ्यायला काय झालं होतं? तुम्हाला वाटलं मी टोमणा मारतेय. मी खरंच विचारत होते.

मग मीटिंगा सुरू झाल्या. पहिल्या मीटिंगला आलेले लोक चहासाठी आले होते, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा सचिन, जो न्हावा शेव्याच्या बंदरावर कस्टम्सच्या कागदांचं काम करतो आणि ज्याला जगातलं सगळं कळतं, तो उठून म्हणाला, "काका, एक डाउट आहे. लिफ्ट तर विजेवर चालते. तेलाचा काय संबंध?"

"वीज गेली की तू कोणाच्या नावाने बोंबलतोस?"

"जनरेटरच्या."

"आणि तो काय ताक पितो?"

सगळे हसले. तुम्हाला वाटलं, जिंकलो. आपले अध्यक्ष म्हात्रे, मूळचे बाजूच्या बोनकोडे गावचे, ते म्हणाले, "भाऊ, मना सगला पटतंय. पन पैला नवा जनरेटर बसवू, मंग तुमचा तेल वाचवू." पुढची दोन वर्षं तुमचं आणि त्यांचं भांडण याच एका वाक्यावर चाललं.

काय काय सुचवलंत तुम्ही! गच्चीवर सोलरची पॅनेल बसवायची आणि त्यावर जिन्यातले दिवे चालवायचे, ते भांडून करून घेतलंत. वाशीच्या मार्केटमधून भाजी प्रत्येकाने आपापल्या गाडीतून न आणता तीनचाकी सायकलवरून एकत्र आणायची, तेही जमलं. मग म्हणालात, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी आणि खालच्या मजल्यावरच्या तरुणांनी आपसात घरं बदलून घ्यावीत. ते ऐकून वरचे म्हातारे आणि खालचे तरुण पहिल्यांदाच एकत्र आले, तुमच्या विरुद्ध. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवला नव्हतात. मी समजूत घातली नाही. बाजरीच्या भाकऱ्या होत्या, त्या मी दोन जास्त खाल्ल्या.

शेवटी उरला तो महिन्यातला दुसरा रविवार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेलाशिवाय राहून बघायचं. सराव. तुमचं म्हणणं असं, की संकट आल्यावर शहाणपण सुचत नाही, तेव्हा फक्त सवय कामाला येते. म्हणून सवय आधी लावायची. सकाळी गाड्यांच्या किल्ल्या जमा करून तुम्ही ऑफिसच्या कपाटात ठेवायचात आणि कपाटाची किल्ली शर्टाच्या खिशात. लिफ्टचं बटण तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत, त्यावर तुमच्या हाताने लिहिलेला पुठ्ठा: 'आज लिफ्ट नाही. सराव.' आपण सगळे एका पुठ्ठ्याला भीत होतो, हे आता आठवलं की हसू येतं आणि मग हसू राहत नाही.

हेही सांगते, कारण खोटी स्तुती मला जमत नाही तशी खोटी निंदाही जमत नाही. ते रविवार चांगले होते. प्रत्येक मजल्याच्या वळणावर तुम्ही एकेक स्टूल ठेवलं होतं, दमलेल्याने बसायला. बसलेला माणूस बोलायला लागायचा. चौथ्या मजल्याच्या स्टुलावर म्हात्रे बसायचे आणि इथे भातशेती होती, पलीकडे मिठागरं होती, ते सांगायचे; पोरं ऐकत उभी राहायची. ज्या बाईचं नाव मला कधी माहीत नव्हतं तिच्याबरोबर मी अर्धी अर्धी बादली वर नेली. आम्ही बायका खाली सतरंजी टाकून दहीपोहे, भिजवलेले मूग, काकडी असलं काहीबाही वाढायचो. एवढ्या वर्षांत आपली सोसायटी मला पहिल्यांदा आवडली ती त्या रविवारांत. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही दर रविवारी सुरू केलं असतंत.

पण मग तुम्हाला खुर्ची सुचली.

लिफ्ट नसताना वरून आजारी माणूस खाली कसा आणायचा, हा सराव. हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, दोन बाजूंनी बांधलेले बांबू, चार उचलणारे, आणि सचिन त्यांचा पुढारी. पेशंट कोण होणार? दुसरं कोण! तरुणपणी गावात जयंतीच्या नाटकात तुम्ही मरणाऱ्या बापाचं काम करायचात आणि मांडवातल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या, हे तुम्ही मला लग्नाआधीच ऐकवलं होतं. तो पार्ट तुम्हाला म्हातारपणी पुन्हा मिळाला. सातव्या मजल्यापासून तुम्ही कण्हायला सुरुवात करायचात. 'अगं आई गं, मेलो रे. अरे लिफ्ट लावा. नाटक नाही रे, खरंच दुखतंय. माझ्यापुरती लावा.' आणि नियम असा, की पेशंटने कितीही गयावया केली तरी लिफ्ट लावायची नाही. पहिल्या वेळी एकाला दया आली आणि तो बटणाकडे धावला, तर तुम्ही खुर्चीतून ताडकन उठून त्याला सगळ्यांसमोर झापलंत. 'माझ्यापुरती, माझ्यापुरती, असं प्रत्येक जण म्हणेल. याच शब्दावर सगळं तेल जातं, बाळा.' पुढच्या महिन्यापासून कोणी ऐकेनासं झालं. तुम्ही खूश. घरी येऊन म्हणालात, पोरं तयार झाली.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, "आणि खरंच काही झालं तर?"

तुम्ही पाय चेपत बसला होतात. वरसुद्धा न बघता म्हणालात, "खरं झालं तर कळंल की."

"कसं कळेल? खरंच दुखतंय हेही तुम्ही नाटकात बोलता."

"कळंल की गं. माणसाला माणसाचं कळतं."

त्यावर आपण भांडलो. मी म्हणाले, माणसाचं ऐकायचं नाही असं शिकवून वर माणसाला कळेल म्हणता, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणालात, मॅडम, तुमचं एक्स्चेंज बंद करा आता. मी बंद केलं. ते भांडण तसंच राहिलंय. उत्तर तुम्ही त्या रविवारी जिन्यात दिलंत, पण मला नाही दिलंत.

तो रविवार सगळ्यांना पाठ आहे, तुम्हालाच तेवढा माहीत नाही, म्हणून सांगते. मी खाली सतरंजीवर पोहे कालवत होते. जिन्यातून आवाज आला, 'आले, आले'. सगळे उठून उभे राहिले. चौघांनी खुर्ची खाली टेकवली, एकदा कुठे भिंतीला लागली नाही की कोणाचा पाय घसरला नाही, इतका सुंदर सराव याआधी झाला नव्हता. आणि अहो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायका, पोरं, वॉचमन, सगळ्यांनी. मीही हातातला पळा ठेवून टाळ्यांसाठी हात उचलले होते. तेव्हा मला दिसलं की तुमची मान डावीकडे कलली आहे. नाटकात तुम्ही मान कायम उजवीकडे टाकायचात, प्रेक्षकांच्या बाजूला.

मी म्हणाले, 'अहो.' शेजारची हसली. तिला वाटलं, वहिनीपण आज नाटकात आल्या. मी दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझा आवाज बदलला असणार, कारण टाळ्या थांबल्या.

पुढचं पटापट झालं आणि काहीच झालं नाही. म्हात्रे गाडीकडे धावले आणि धावत परत आले, कारण किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. ती काढायला मीच हात घातला. खिशात हात घालताना तुमची छाती हाताला लागली. ती हलत नव्हती. मी कोणाला बोलले नाही, किल्ली म्हात्र्यांच्या हातात दिली. हॉस्पिटलमध्ये त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "आधी आणलं असतं तर काही झालं असतं का, ते नाही सांगता येत." हे वाक्य त्यांना शिकवतच असतील. हो म्हणाल्या असत्या तर मी त्या चौघांना फाडून खाल्लं असतं. नाही म्हणाल्या असत्या तर झोपले असते. त्यांनी मला मधेच सोडून दिलं.

तुमचा शेवटचा फोटो ग्रुपवर आहे, हेही तुम्हाला माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर उचलणाऱ्यांनी दम खायचा, हाही तुमचाच नियम. तिथे पाणी पिता पिता सचिनने फोटो काढला आणि लगेच टाकला. चौघं दात काढून हसतायत आणि मधे तुम्ही, एक हात छातीवर. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं. 'काका ऑस्कर', असं कोणीतरी लिहिलंय. मग थोड्या वेळाने त्याच्याखाली एकदम पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मधे एक शब्द नाही. मी तो फोटो काढायला सांगितला नाही. मी तो रोज बघते. तुमचे ओठ किंचित उघडे आहेत. काय म्हणत होतात तेव्हा?

ते मला तुमच्या मागे केलेल्या जलदान विधीच्या दिवशी कळलं. भन्तेजींचं झालं, पांढऱ्या साड्या नि पांढरे शर्ट जेवून गेले, तुमच्या गावाकडच्या माणसांना मी वाटेचा डबा बांधून दिला. दुपारी बेल वाजली. दारात सचिन. लिफ्ट चालू असून जिन्याने चढून आला होता. आत आला आणि तुमच्या फोटोकडे पाठ करून बसला.

"काकू, तुमाला एक सांगायचंय. टेन्शनने डोकं फुटायची वेळ आलीय."

"बोल."

"पाचव्यापर्यंत नाटक होतं. आमी पण मस्ती करत होतो. चौथ्यावर काका बोलले, लिफ्ट लाव. मी बोललो, काका, आज एकदम भारी, लास्ट टाइमपेक्षा भारी." तो थांबला. "मग तिसऱ्यावर परत बोलले. आमी सगळे हसलो. काकू, नाटक कुठे संपलं ते मला कळलंच नाय."

मी त्याला पाणी विचारलं नाही. मी विचारलं, "कसे बोलले? कसा आवाज होता?"

"म्हणजे?"

"जसे बोलले तसं बोलून दाखव."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मी त्याला शिक्षा करतेय. करत होतेच, पण मला ऐकायचंही होतं. जन्मभर मी न बघितलेल्या माणसांचे आवाज ऐकले आहेत. कोण खरं घाबरलंय आणि कोण सोंग करतंय, ते मला तारेतून कळायचं. बिचाऱ्याने तुमची नक्कल केली. सुरुवातीचं 'अगं आई गं' मोठ्याने केलं. मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "सचिन, लिफ्ट लाव बाबा."

तेच होतं. खरं दुखलं की तुम्ही कधी ओरडला नाहीत. मूतखडा झाला तेव्हा तुम्ही मला 'सुलोचना, जरा रिक्षा बघतेस का' असं विचारलं होतंत, बाहेरच्या माणसाला विचारावं तसं. जन्मभर सोंगाला मोठा आवाज आणि दुखण्याला छोटा. तुमच्या घरात राहिलेल्या एका माणसाला ते माहीत होतं, आणि तो माणूस खाली पोहे कालवत होता. त्या पोरांना तुम्ही काय शिकवलंत? तर ऐकू नका. त्यांनी ऐकलं नाही. माणसाला माणसाचं कळतं म्हणे!

सचिन रडत होता. मी त्याला म्हणाले, 'जा आता.' दार लावलं आणि तुमच्यावर इतकी चिडले, इतकी चिडले, की तुमचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. दोन दिवस तसाच होता.

मग म्हात्र्यांनी मीटिंग बोलावली. मला खुर्ची दिली, पुढे, एकटीला. म्हात्रे उभे राहिले आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता, ते सोंग नव्हतं. "वहिनी, आता कोनाचा काय ऐकाचा नाय. भाऊंना श्रद्धांजली म्हनून हे रविवार आजपासून बंद. आनि नवा जनरेटर बसवाचा हाय. त्याच्यावर पाटी, भाऊंच्या स्मरणार्थ. पुन्हा कोनाच्या घरी असा नको व्हायला."

सगळ्यांनी माना हलवल्या. अहो, कल्पना करा. खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये धडधडणारं डिझेलचं धूड, काळा धूर, आणि त्याच्या पोटावर तुमचं नाव. क्षणभर मला वाटलं, होऊ दे. तुम्हाला हीच शिक्षा बरोबर आहे. एवढं सगळं करून मला एकटीला सातव्या मजल्यावर ठेवून गेलात, तर वीज जाईल तेव्हा तुमच्या नावाने धूर निघू दे. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं.

पण मग माझ्या लक्षात आलं, की तुमचं जे बरोबर होतं ते हे लोक चुकीच्या गोष्टीबरोबर पुरून टाकतायत. मला तुमचं पटत नव्हतं असं कधीच नव्हतं. पटत होतं म्हणून तर त्या एका नियमासाठी मी भांडत होते. जिला नवऱ्याचं काहीच पटत नाही ती बाई भांडत नाही, ती टीव्ही बघते.

मी उठले. म्हणाले, "जनरेटर बसवा नाही तर बसवू नका, पण नाव मिळणार नाही. त्यांच्या कपड्यांचा डिझेलचा वास मी जन्मभर धुतलाय, आता नावाचा धुवायला लावू नका. आणि एक ऐका. ते चौथ्या मजल्यापासून लिफ्ट मागत होते. खरी. तुम्ही हसलात."

असा शब्दन् शब्द बोलले. मला थोर नवरा नको होता, म्हणून मी काही झाकलं नाही. सचिन मागून उठला आणि म्हणाला, "मी हसलो होतो. मीच फोटो काढला." त्याची बायको त्याचा हात ओढून त्याला खाली बसवत होती. तो बसला नाही.

"तू हसलास, कारण त्यांनी तुला तसं शिकवलं," मी म्हणाले. "चांगला विद्यार्थी होतास. तुझं दुर्दैव." याहून मऊ मला बोलता आलं नाही. त्याला तेवढंही पुरलं असावं, कारण तो मग बसला.

"रविवार चालू राहतील," मी म्हणाले. "फक्त नियम बदलेल. पेशंट लिफ्ट म्हणाला की लिफ्ट लावायची. नाटक असो की नसो. बटणापाशी एक माणूस बसेल आणि तो तिथून हलणार नाही. किल्ल्या खिशात राहणार नाहीत, खिळ्याला राहतील."

म्हात्रे म्हणाले, "वहिनी, मंग सगलेच लिफ्ट मागतील. सरावाचा अर्थ काय ऱ्हायला?" प्रश्न चूक नव्हता. तुम्हीही हेच विचारलं असतंत.

"मागू दे. खोटं मागितलं तर एक फेरी फुकट जाईल. बाकी सगळीकडे तेल वाचवायचं ते कशासाठी, म्हात्रे? त्या एका फेरीसाठीच ना? आणि उद्या वीजही नसेल, डिझेलचा टँकरही आला नसेल, तर ती एक फेरी कशावर निघणार ते आज ठरवा. तुमच्या जनरेटरला डिझेल कोण आणून देणार आहे?"

बऱ्याच चर्चेनंतर ठरलं, की गच्चीवर पॅनेल वाढवून बॅटरी बसवायची आणि ती फक्त लिफ्टच्या त्या फेरीसाठी राखून ठेवायची. जनरेटरचा विषय पुढच्या सभेत घ्यायचा, म्हणजे आपल्या सोसायटीच्या पद्धतीप्रमाणे तो गेलाच समजा. दोन वर्षांत तुम्ही जे पटवू शकला नाहीत ते तुमच्या मरणाने पटवलं. याचा आनंद होईल अशी आशा करू नका. मला तुम्ही हरलेले आणि जिवंत चालला असतात.

मग प्रश्न आला, पेशंट कोण. मी म्हणाले, मी.

काल तो रविवार होता. सकाळी किल्ल्या खिळ्याला लागल्या. म्हात्रे स्वतः मीटरच्या खोलीत स्टूल टाकून बसले. चहासुद्धा तिथेच मागवला, थंड झाला तरी उठले नाहीत. चौघं वर आले. मी त्याच खुर्चीत बसले. तिच्या हाताला तुमच्या बोटांनी झिजलेली जागा असेल असं मला वाटलं होतं; प्लास्टिकला तसलं काही नसतं. बांबू उचलण्याआधी सचिनने हात दोनदा पँटला पुसले. सातवा, सहावा. खुर्ची झुकली की आता पुढे पडणार असं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दर महिन्याला यात बसून वर विनोद करत होतात. पाचवा. वळणांवर माणसं उभी होती. कोणी फोन बाहेर काढला नव्हता.

मी ठरवलं होतं, चौथ्यावर म्हणायचं. चौथा आला आणि मी खाली बघितलं. खाली अजून तीन मजले आहेत, आणि मला वर धरलेली चार माणसं माझं ऐकणार की नाही, हे त्यांच्या मर्जीवर आहे. असंच वाटलं होतं का हो तुम्हाला? मग मी म्हणाले. ओरडले नाही, तुम्ही म्हणाला असाल तसंच, हळू.

"सचिन, लिफ्ट लाव बाबा."

खुर्ची जवळजवळ आपटलीच. सचिन जिन्याच्या कठड्यावरून वाकून जीव खाऊन ओरडला, "म्हात्रेकाका, लिफ्ट!" खालून काहीतरी खट् झालं. शेजारी दाराच्या वरचा लाल आकडा पेटला, एकाने बटण दाबलं. घरघर वर आली आणि दार उघडलं. आत दिवा लागलेला, पंखा फिरतोय. मला धड उठूनही उभं राहता आलं नव्हतं, तेवढ्यात ती येऊन उभी राहिली होती.

एवढंच करायचं होतं हो. एवढंच करायचं होतं.